चार आकड्यांचा पत्ता

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे ‘पत्तेवाली’ म्हणत. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्याने नेमकं पाडलं होतं. खात्यात नवं यंत्र आलं, मग ते पंप सुरू-बंद करणारं असो की साहेबांच्या खोलीतला प्रिंटर, त्याला नेटवर्कवर एक पत्ता लागायचा आणि तो द्यायची ती. चार आकडे, प्रत्येक शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, मध्ये तीन ठिपके. वही उघडायची, रिकामी ओळ शोधायची, यंत्राचं नाव लिहायचं आणि आकडे चिठ्ठीवर उतरवून द्यायचे. “काय पत्तेवाली, डाव मांडला का?” असं जाता-येता कोणीतरी विचारायचं. “मांडलाय, पण तुमच्याकडे हुकूम नाही,” असं ती सांगायची. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तिच्यासकट अकरा माणसं बसत होती आणि असल्या फुटकळ विनोदालाही हसणारं कोणी ना कोणी असायचं.

मग तीन शहरांची तीन पाणी खाती मिळून एक खातं झालं आणि तिथं गाडं अडलं. तिघांनीही आपापल्या घरात तेच पत्ते वाटून ठेवले होते. त्यात चूक कोणाचीच नव्हती. चार आकडी पत्ते साऱ्या जगात मिळून सव्वाचारशे कोटीच. ते केव्हाच वाटून संपलेले. म्हणून कंपन्या, खाती, घरं आतल्या आत तेच ते पत्ते पुन्हा वापरतात आणि बाहेर पडताना सगळी एका दारातून पडतात. वेगवेगळ्या घरांत राहिलं तर चालून जातं. एका घरात आल्यावर मात्र एका पत्त्यावर दोन-दोन यंत्रं निघाली. पूर्वेकडचा पंप बंद करायला जावं तर पश्चिमेकडचा बंद पडायचा.

उपाय ठरलेला होता. नवे पत्ते. लांबलचक, आकडे आणि अक्षरं मिसळलेले, आणि इतके की वाळूच्या कणाकणाला दिले तरी उरावेत. अडचण एकच होती, पण ती मुळातच होती. जुन्या यंत्राच्या पोटात पत्त्यासाठी चारच खण. त्यात लांब पत्ता बसत नाही. जुन्याला नवं वाचता येत नाही, नव्याला जुन्याशी सरळ बोलता येत नाही. मध्ये कोणीतरी दुभाष्या बसवावा लागतो.

तिने तसा बसवला. खोलीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात एक यंत्र, एका बाजूने जुनं ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूने नवं बोलायचं. सगळी यंत्रं एकेक करून नव्या पत्त्यांवर आणायची, मग जुनं जाळं आणि दुभाष्या दोन्ही बंद करायचे. “किती दिवस लागतील?” असं बैठकीत विचारलं, तेव्हा बेचाळीस वर्षांच्या पत्तेवालीने छातीठोकपणे सांगितलं, “दोन वर्षं.”

चौदा लागली.

दुभाष्या इतकं बिनबोभाट काम करत होता की बदलण्याची घाई कोणालाच राहिली नाही. ज्याच्या दारात जावं तो म्हणे, आधी त्यांचं होऊ द्या, मग आमचं करा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, आमचं यंत्र नव्या पत्त्याला ऐकत नाही आणि नवीन यंत्र मागितलं तर वरून उत्तर येत नाही. हजेरीच्या यंत्रापायी तर तिच्या नाकी नऊ आले. तरीही ती चिकाटीने वहीतली एकेक ओळ खोडत गेली. जसजशा ओळी कमी झाल्या तसतशी माणसंही कमी झाली. कोणी पाचव्या मजल्यावर नव्या विभागात गेलं, कोणी निवृत्त झालं, एक जण नोकरी सोडून दुकानात बसला. शेवटी तिसऱ्या मजल्यावर ती, अकरा टेबलं आणि कोपऱ्यात घरघरणारा दुभाष्या एवढेच उरले. ती डबा आपल्याच टेबलावर खायची, आणि खाऊन झाल्यावर शेजारचं टेबलही पुसून घ्यायची, उगाच.

वहीत एकच ओळ शिल्लक होती. टेकडीवरची टाकी.

ती शहरातली सगळ्यात उंच टाकी. आत पाण्यावर तरंगणारा गोळा, गोळ्याला साखळी, साखळीचं टोक भिंतीवरच्या करड्या पेटीत. पाणी चढलं की गोळा चढायचा आणि पेटी दर मिनिटाला पातळीचा आकडा ऑफिसला पाठवायची. चार आकडी पत्त्यापलीकडे त्या पेटीला काही कळत नव्हतं. तिचा कारखाना कधीच बंद पडलेला. पेटी बदलायची तर गोळा-साखळी सगळंच बदलायला हवं, त्यासाठी टाकी दोन दिवस कोरडी ठेवायला हवी, आणि त्या टाकीखाली अकरा हजार घरं होती.

शिवाय पेटी अधूनमधून अडकायची. स्क्रीनवरची पातळीची रेघ तुटली की पत्तेवाली टेकडीवर फोन लावायची. टाकीच्या पायथ्याशी एक खोली होती आणि खोलीत टाकीची राखण करणारा, झडपा उघडणारा-मिटणारा माणूस राहत होता. पहिल्यांदा फोन केला तेव्हाचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

“भिंतीवर करडी पेटी आहे बघा,” ती म्हणाली होती. “तिचं बटण बंद करा, दहापर्यंत मोजा आणि परत सुरू करा.”

“मोजून?”

“मोजून.”

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. पावलं लांब गेली. मग लांबूनच मोठ्याने मोजणं ऐकू आलं, शाळेतल्या मुलासारखं, एकेक आकडा सुटा. दहा झाले आणि स्क्रीनवर रेघ पुन्हा चालू लागली.

“झालं का?” त्याने परत येऊन विचारलं. “एवढ्यासाठी ऑफिसात माणूस ठेवलंय?”

“एवढ्यासाठी टेकडीवर पण ठेवलंय की,” ती म्हणाली.

पलीकडे थोडं थांबून हसू आलं.

ती त्याला ‘टाकीवाले’ म्हणायची, तो तिला ‘बाई’. आधी दोन-तीन महिन्यांतून एखादा फोन व्हायचा, आणि पेटी सुरू झाली की संपायचा. पुढे पेटी सुरू झाल्यावरही पाच मिनिटं चालू लागला, मग पंधरा. एकदा त्याने पत्त्यांचं सगळं प्रकरण समजून घेतलं होतं.

“म्हणजे नव्याला जुनं कळत नाही आणि जुन्याला नवं.”

“बरोबर.”

“मग एक दिवस ठरवा आणि सगळ्यांनी एकदमच बदला.”

“सगळे म्हणजे जगातले सगळे, टाकीवाले.”

“अच्छा.” त्याने जरा विचार केला. “मग राहू दे.”

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बसने तीन तासांवरच्या गावी, कामात बुडालेला. पत्तेवालीच्या घरी आई होती, अंथरुणाला खिळलेली. लग्न राहूनच गेलं होतं, आणि धाकटी बहीण दर महिन्याला येऊन “तू आता स्वतःकडे बघ” एवढं सांगून जायची. बहिणीला जे सांगता येत नव्हतं ते ती टाकीवाल्याला सांगायची. आई रात्री नाव विसरते, सकाळी ओरडते. तो मध्ये बोलायचा नाही. शेवटी म्हणायचा, “कुशीवर वळवताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवत जा, बाई. आमच्या हिला बरं वाटायचं त्यानं.”

आई गेली त्यानंतर आठवडाभराने ती कामावर आली. तीन वाजून दहा मिनिटांनी टेकडीची रेघ तुटली. तिने फोन लावला.

“आलात?” एवढंच तो म्हणाला.

तिला काही बोलता येईना. त्यानेही बोलायची घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तो उठला, दहा आकडे मोजले आणि पेटी सुरू केली.

पुढे पेटी दर आठवड्याला अडकू लागली. गुरुवारी, तीनच्या सुमारास. पत्तेवालीला वाटलं, वायर कुठेतरी सैल असणार. वीज विभागाने टेकडीवर नवा मीटर बसवला होता, त्याच्या नोंदी तिने एका दुपारी उघडून पाहिल्या. अडकलेलं यंत्र वीज खातच राहतं, नुसतं बोलत नाही. ही पेटी दर गुरुवारी तीनला वीज खायची बंद होत होती आणि तिचा फोन गेल्यावर पुन्हा खाऊ लागत होती. आई गेल्यानंतरच्या त्या दिवशीचीही नोंद होती. तशीच.

तिने ते पान मिटलं. उठून खिडकीपाशी जाऊन आली. मग गुरुवारी तीन वाजता रेघ तुटली तेव्हा फोन लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “टाकीवाले, पेटी अडकली बघा.”

“अडकली का? बघतो,” तो म्हणाला.

दोन वर्षांनी तिच्या टेबलावर एक माहितीपत्रक आलं. वरच्या झाकणाला लावायचं नवं यंत्र. वरूनच पाणी मोजतं, टाकी रिकामी करायला नको, पत्ता नव्या पद्धतीचा. तिने ते दोनदा वाचलं आणि खणात ठेवून दिलं. त्या वर्षीच्या अहवालात तिने लिहिलं, ‘टेकडी टाकी: टाकी रिकामी करावी लागत असल्याने बदल प्रलंबित.’ तसं ते खोटं नव्हतं. जुन्या पद्धतीने बदलायचं तर टाकी रिकामी करावी लागलीच असती. पुढच्या वर्षी तेच वाक्य, त्याच्या पुढच्या वर्षीही. अहवाल वाचत कोणीच नव्हतं.

विभागाच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडम मात्र वाचत होत्या.

त्या पस्तिशीच्या असतील. बोलावून न घेता स्वतःच तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि एक रिकामी खुर्ची ओढून बसल्या.

“हा दुभाष्या किती यंत्रांसाठी चालू आहे?”

“एका.”

“आणि तुम्ही?”

पत्तेवालीने समोरची वही मिटली. मॅडमनी टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहिती हवी होती, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

“एका पेटीसाठी आपण अख्खं जुनं जाळं जिवंत ठेवलंय,” मॅडम म्हणाल्या. “दोन्हींवर लक्ष ठेवायचं, दोन्हींची कुलपं सांभाळायची. मागच्या महिन्यात बाहेरून कोणीतरी आत शिरायला बघत होतं, ते जुन्याच बाजूने.”

“टाकी रिकामी करावी लागते.”

“आता नाही लागत. वरून मोजणारं यंत्र आलंय. तुम्हाला माहीत असेलच.”

“ऐकलंय.”

मॅडमच्या हातात नोंदींचा कागद होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. “ही पेटी दर गुरुवारीच का बंद पडते?”

“जुनी आहे,” पत्तेवाली म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे, मग त्या रिकाम्या टेबलांकडे. कागदाची घडी घातली. “बुधवारी फिटर पाठवते.”

“मीही जाते,” पत्तेवाली म्हणाली. चौदा वर्षांत ती टेकडीवर एकदाही गेली नव्हती.

गुरुवारी फोनवर तिने सांगितलं, “पुढच्या बुधवारी येतेय.”

“कोण?”

“मी. आणि फिटर.”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “पेटी बदलायला.”

“हो.”

“बरं. एकशे वीस पायऱ्या आहेत. सावकाश या.”

आवाजावरून तिने तो उंच असेल असं धरलं होतं. तो तिच्या खांद्याला लागत होता. दाढी त्याच दिवशी केलेली, हनुवटीवर कापल्याची बारीक खूण. खोलीबाहेर सावलीत दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, एक चांगली आणि एक पाय बांधलेली. बांधलेल्या खुर्चीवर तो स्वतः बसला.

“मला वाटलं होतं तुम्हाला चष्मा असेल,” तो म्हणाला.

“वाचताना लावते.”

“हां.”

एवढ्यावर दोघांचंही बोलणं संपलं. फोनवर अर्धा-अर्धा तास कुठे निघून जायचा कळायचं नाही, आणि आता समोर माणूस बसलेला तर बघावं कुठे हा प्रश्न. त्याने चहा आणला. तिने चांगला झालाय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, साखर कमी असेल. ती म्हणाली, नाही, बरोबर आहे. मग तिने खाली पसरलेल्या शहराकडे पाहिलं, तर त्यानेही पाहिलं.

फिटर बोलका होता, त्याच्यामुळे जरा निभावलं. तो टाकीच्या झाकणावरून ओरडूनच बोलत होता. “हे काहीच काम नाही, बाई. शेजारच्या शहरात तीन वर्षांमागेच मी असली सहा बसवली. तुमच्याकडे एवढा उशीर कसा काय?”

पत्तेवालीने कपात पाहिलं.

तासाभरात नवं यंत्र लागलं. वाटीएवढं, पांढरं. फिटर वायरचं उरलेलं भेंडोळं गाडीत ठेवायला पायऱ्या उतरून गेला. टाकीवाला उठून टाकीपाशी गेला, मान वर करून त्या यंत्राकडे बघत राहिला.

“हे अडकणार नाही ना?”

“नाही.”

“अडकलंच तर? बटण कुठंय ह्याचं?”

“बटण नाहीये,” ती म्हणाली. “काही झालं तर आपलं आपण सुरू होतं.”

“अच्छा.” तो परत येऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “म्हणजे तीन वर्षांमागेच लावता आलं असतं.”

“हो.”

“मग?”

“अडचणी होत्या.”

“हं,” तो म्हणाला. “असतात अडचणी.”

ती वर बघू शकली नाही. मग तोच पुन्हा म्हणाला, “मला पत्र आलंय. झडपासुद्धा आता ऑफिसातूनच उघडणार म्हणे. महिनाअखेर खोली रिकामी करायची. मुलगा येतोय न्यायला.”

हे तिला माहीत नव्हतं. मॅडमनी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायची गरज आहे असं त्यांना वाटलं नसेल. टाकीवर माणूस होता तो झडपांसाठी होता, पेटीसाठी नव्हता, हे तिला कळत होतं. तरीही अहवालात ते वाक्य आणखी एकदा लिहिता आलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“मी सांगून बघते मॅडमना.”

“कशाला? माझंही वय झालंय. ह्या पायऱ्या आता होत नाहीत.” मग तो जरा हसला. “तुम्ही पुष्कळ ओढलंत, बाई.”

निघताना तो तिला सोडायला अर्ध्या पायऱ्यांपर्यंत उतरला. तिथं थांबून त्याने कठड्याला हात लावला. “ह्याच्या खाली गुडघा येत नाही माझा.” ती उतरत राहिली. वळणावर मागे पाहिलं तेव्हा तो तिथंच होता. तिने हात केला, आणि हे आधी कधी केलं नसल्यामुळे तो अर्धवटच झाला.

जुनं जाळं बंद करण्याआधी नियमाप्रमाणे तिने सात दिवस वाट पाहिली. दुभाष्याकडे कोणी काही बोलायला येतंय का, हे रोज पाहायचं. पहिल्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एक हाक आली आणि ती ताडकन उठली. पण ती पाचव्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी विसरलेल्या प्रिंटरची निघाली. आठव्या दिवशी तिने दुभाष्या बंद केला. पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. मग रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येऊ लागल्या. इतकी वर्षं त्या खाली धावतच असणार.

मॅडमनी सगळ्यांना पत्र पाठवून तिचं कौतुक केलं आणि पाचव्या मजल्यावर खिडकीपाशी जागा दिली. तिथली मुलं-मुली चांगली होती. चहाला बोलवत, डब्यातलं देत, जड काही उचलू देत नसत. पत्ते वाटायचं काम मात्र राहिलं नव्हतं; नवी यंत्रं आपला पत्ता आपणच ठरवून घेत. त्यामुळे ‘पत्तेवाली’ म्हणायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळे तिला ‘मॅम’ म्हणत. टेकडीची रेघ स्क्रीनवर सकाळी चढायची, संध्याकाळी उतरायची, मध्ये कुठे तुटायची नाही. गुरुवारी तीन वाजता ती पाणी प्यायला उठायची.

दोन महिन्यांनी तिने आस्थापना विभागातून टाकीवाल्याच्या मुलाचा पत्ता आणि फोन नंबर मागून घेतला. आणखी आठ दिवस चिठ्ठी पर्समध्ये राहिली. मग एका रविवारी फोन केला. सुनेने उचलला.

“कोण बोलतंय?”

“पाणीपुरवठा ऑफिसातून बोलतेय.”

“काही कागद राहिलेत का?”

“नाही. सहज.”

सुनेला ‘सहज’चा अर्थ लागला नाही हे तिच्या थांबण्यावरून कळलं. मग फोन टाकीवाल्याच्या हातात गेला. मागे टीव्ही चालू होता, मुलं भांडत होती.

“हां बोला, मॅडम,” तो म्हणाला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मॅडम.

“कसे आहात?”

“ठीक. सगळं ठीक.”

“गुडघा?”

“चाललंय. हो. बरं. ठेवू?”

तिने फोन ठेवला आणि हाताने टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत बसली. राग आला नव्हता. घरभर माणसं असताना तो बोलणार तरी कसा? मुद्दा तो नव्हता. आता इथून पुढे काय करायचं ते तिला कळत नव्हतं. बहिणीला फोन करावा असं वाटलं, पण तिला सांगायचं काय? एवढं सगळं सांगायचं तर पेटीपासून सुरुवात करायला लागली असती.

त्यानंतरच्या शनिवारी तिने सकाळची बस पकडली. तीन तासांचे साडेतीन झाले. गाव मोठं होतं, आणि चिठ्ठीवरचा पत्ता सापडता सापडेना. शाळेमागची गल्ली म्हणावं तर शाळा दोन निघाल्या, आणि घर क्रमांक बारा दोन्ही गल्ल्यांत होतं. दुसऱ्या घराची बेल वाजवली तेव्हा सुनेने दार उघडलं आणि सासऱ्यांना हाक मारली. “बाबा, तुमच्या ऑफिसातून कोणी आल्यात.”

तो बाहेर आला. अंगात जाड स्वेटर, हातात नातवाची एक चप्पल. चपलेचा बंद शिवत होता.

“बाई,” तो म्हणाला.

हॉलमध्ये बसवलं. सुनेने चहा दिला, बिस्किटं दिली, प्रवास कसा झाला विचारलं. नातवाने आजोबांना विचारलं, ही कोण? आजोबांनी सांगितलं, ऑफिसातल्या बाई. मग पुन्हा ते टेकडीवरच्यासारखंच झालं. ती कपाकडे बघत होती, तो चपलेकडे.

“मागे अंगणात ऊन आहे,” शेवटी तो म्हणाला. “तिथं बसू.”

अंगण कसलं, भिंत आणि घर यांच्यातली चिंचोळी पट्टी. तिथं एक सिमेंटचा कट्टा होता. दोघं शेजारी-शेजारी बसली. समोर भिंत आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. कट्ट्यावरून एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

“रात्री झोप येत नाही इथं,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “टाकीत पाणी पडल्याचा आवाज नाही ना. कानाला सवय झालेली.”

“माझ्याकडे पण पंखा बंद झाला,” ती म्हणाली. “त्या यंत्राचा. आधी वाटलं बरं झालं, कटकट गेली.”

“आणि आता?”

“आता पाचव्या मजल्यावर बसते. सगळी पोरं आहेत. मला उभं राहू देत नाहीत.”

तो हसला. तेच हसू, थोडं थांबून येणारं. मग त्याने सुनेचं सांगितलं, की चांगली आहे पण भाजी चिरायलाही देत नाही. नातू त्याच्याच खोलीत झोपतो आणि झोपेत लाथा मारतो. मुलगा रोज रात्री विचारतो, बाबा, काही हवंय का, आणि काय सांगावं सुचत नाही. तिने सांगितलं, आईची खोली तिने अजून आवरलेली नाही. कपाट उघडते आणि बंद करते. तो मध्ये बोलला नाही. दोरीवरच्या शर्टाची बाही वाऱ्याने वळली, ती त्याने उठून सरळ केली आणि परत येऊन बसला.

“एकटीनं नका काढू ते,” तो म्हणाला. “बहिणीला बोलवा. ती आली की तिच्यासमोर काढा. रडेल ती. रडू दे.”

चारच्या बसला निघायचं होतं. तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. पुन्हा या असं तो म्हणाला नाही, आणि येईन असं ती म्हणाली नाही. स्वतःचा फोन घ्या, एवढं मात्र तिने सांगितलं. मुलाला सांगून बघतो, असं तो म्हणाला.

बसमध्ये तिच्या शेजारी एक वयस्कर बाई येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, नीट टेकल्या आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर विचारलं, “इथं कोणाकडे आला होतात?”

“ओळखीचे आहेत.”

“कोण लागतात तुमचे?”

“लागत कोणी नाहीत,” पत्तेवाली म्हणाली. “बरोबर काम केलं. चौदा वर्षं.”

“मग तर घरच्यासारखेच. एका ऑफिसात होतात?”

“नाही,” ती म्हणाली. “ते वर होते, मी खाली.”

त्या बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि पिशवीतून लोकर काढून विणायला घेतली. बाहेर ऊन उतरत होतं. पत्तेवालीने फोन काढून बहिणीला निरोप पाठवला: पुढच्या रविवारी सकाळीच ये, आईचं कपाट आवरू. उत्तर यायच्या आतच तिला झोप लागली.